तेलवाल्या काकूंचं इंजिन का बंद पडलं

डोक्यावर कुठेतरी "टण्ण" असा आवाज झाला आणि त्यानंतर तीन मिनिटांनी काकूंच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. गोष्ट एवढीच. पण एवढीशी गोष्ट चार शहाण्यांच्या गळी उतरवायला काकूंना पुढे बावीस दिवस लागले, एक तेलाचा डबा लागला आणि एका मोठ्या साहेबांना चारचौघांत घाम फोडावा लागला.

काकू म्हणजे तेलवाल्या काकू. वय त्रेपन्न, बांधा ठेंगणा, आवाज मात्र दुकानाच्या दारातून चौकापर्यंत पोचणारा. नवरा-बायकोचं खाद्यतेलाचं दुकान होतं आणि दुकानाच्या बरोब्बर डोक्यावरून फ्लाइंग क्लबची छोटी विमानं उतरायला जायची. वरून घरघर ऐकू आली की काकू हातातलं नरसाळं तसंच टाकून रस्त्यावर यायच्या आणि विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभ्या राहायच्या. अशी तीस वर्षं गेली. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. विमान गेल्याशिवाय तेल मिळायचं नाही.

मुलगी शिकून नोकरीला लागली त्या वर्षी काकू एका सकाळी क्लबात गेल्या आणि म्हणाल्या, "मला शिकायचंय." शेजारणी म्हणाल्या, म्हातारचळ लागला. काकांनी फक्त एवढंच विचारलं, "दुकान उघडायच्या वेळेपर्यंत येशील ना?" काका कमी बोलणारे आणि त्याहून कमी हलणारे.

क्लबात शिकवायला मास्तर होते. वाळलेल्या काटकीसारखा माणूस, पण चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी दगावला नव्हता. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला एक फळा होता. वर मथळा, "माणसं कशाने पडतात." खाली ओळी. पेट्रोल संपणं सगळ्यात वर. मग ढगात शिरणं, मग घरी पोचायची घाई. इंजिन बंद पडल्यावर मागे वळणं, ही ओळ लाल रंगात होती. त्याच्याखाली कार्ब्युरेटरमध्ये जमलेला बर्फ, पेट्रोलमधलं पाणी आणि भलत्याच कळीला लागलेला हात. सगळ्यात शेवटी मोठ्या अक्षरांत, "उगाच शहाणपणा."

"पडायला नवीन कारण शोधून काढणारा अजून जन्माला यायचाय," मास्तर म्हणायचे. "सगळे जुन्याच कारणांनी पडतात. म्हणून जुनी पाठ करा."

काकूंनी पाठ केली. दुकानात तेल मोजता मोजता पुटपुटायच्या. तरण्या पोरांना दोनदा सांगावं लागायचं ते काकूंना एकदा पुरायचं, त्यामुळे कानामागून आली आणि तिखट झाली, असं काही जणांना वाटायला लागलं होतं. अध्यक्षांना तर नक्कीच. क्लबचे अध्यक्ष स्वतः तीन वेळा परीक्षेत नापास झालेले होते, पण ती गोष्ट काढायची नाही असा क्लबाचा रिवाज होता.

तर परीक्षेआधीचं ते शेवटचं एकटीने करायचं लांबचं उड्डाण. आठ दिवस टायरची वाट बघत जागेवर उभं असलेलं विमान त्याच सकाळी पुन्हा तयार झालं होतं. काकूंनी यादी हातात धरून एकेक गोष्ट तपासली. पेट्रोलमध्ये पाणी नाही. तेल ठीक. टाकी पाऊण भरलेली. पंखाखालच्या हवेच्या नळीचं तोंड मोकळं. निघाल्या.

पस्तीस मिनिटं सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग तो आवाज झाला, टण्ण. काकूंनी वर पाहिलं. काटे जागेवर होते. मनाशी म्हणाल्या, उन्हाने पत्रा तापला असेल. आणि तीन मिनिटांनी इंजिन खोकलं, एकदा गुरगुरलं, आणि पुढचा पंखा वाऱ्यावर नुसता फिरत राहिला.

खोटं कशाला सांगा, काकू घाबरल्या. पण हात आपोआप कामाला लागले होते. नाक खाली, वेग धर. बर्फ वितळवायला गरम हवेचा दांडा ओढ. पेट्रोलची कळ बघ, उघडी आहे. काटा अर्ध्यावर. पुन्हा सुरू करून बघ. छे. मागे, नुकतंच ओलांडलेलं एक ऐसपैस सपाट मैदान होतं. इतकं सुरेख, की कोणालाही वळावंसं वाटेल. काकूंची मान वळलीसुद्धा. आणि डोळ्यांसमोर लाल रंगातली ओळ उभी राहिली.

"नाही वळणार," काकू मोठ्याने म्हणाल्या. समोर कापणी झालेलं एक शेत होतं, अरुंद, पलीकडे दगडी बांध. काकूंनी तेच धरलं. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, दात दातांवर आपटले, आणि बांधापासून दहा पावलांवर विमान थांबलं. विमानाला ओरखडा नाही, काकूंना खरचटलं नाही. तिथे बसल्या बसल्या काकू आधी रडल्या आणि मग हसल्या.

शेताची मालकीण धावत आली. काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बाई, उतरायचंच होतं तर पलीकडचं शेत मोठं आहे की!"

खरं तर इथे काकूंना कुणी हार घालायला हवे होते. पण झालं भलतंच. दोन तासांनी मास्तर आणि क्लबचे मिस्त्री जीप घेऊन आले. मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते सगळे करतात तेच. पंखावर चढून टाकीचं झाकण उघडलं, मोजकाठी बुडवली. अर्धी टाकी पेट्रोल. झाकण लावलं, आत बसून किल्ली फिरवली, आणि ते लबाड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. घड्याळासारखं चाललं. मिस्त्री नुसते काकूंकडे बघून हसले, आणि ते हसणं काकूंना उतरतानाच्या आदळण्यापेक्षा जास्त लागलं.

शेत परतीच्या वाटेवरच, क्लबापासून जवळ होतं; मास्तरांनी विमान आठ मिनिटांत उडवत परत नेलं. वाटेत इंजिन शिंकलंसुद्धा नाही. चौकशी होणार म्हणून विमान हँगरमध्ये लावून दारांना सील ठोकलं.

चौथ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. चाळिशीचा, अदबीने बोलणारा माणूस. ओरडणाऱ्या माणसाशी काकूंना भांडता आलं असतं. अदबीपुढे त्यांचा इलाज चालेना.

"बाई, इंजिन थांबलं त्या क्षणी तुमचा हात नेमका कुठे होता?"

"वेगाच्या दांड्यावर."

"पेट्रोलच्या कळीला लागला नसेल? चुकून? या छोट्या विमानांत दहातल्या आठ वेळा यंत्र निर्दोष निघतं, हो. माणूस घाबरतो, हात भलतीकडे जातो, आणि त्याला आठवत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

"त्याच्याआधी आवाज आला होता. टण्ण असा."

"कुठून?"

"वरून."

साहेबांनी मान डोलावली, पण ते काही त्यांनी लिहून घेतलं नाही. उठताना म्हणाले, "अठरा दिवसांनी शेवटची तपासणी करतो. तोवर यंत्रात काही निघालं नाही, तर मला चालकाची चूक असंच लिहावं लागेल."

चालकाची चूक. म्हणजे परीक्षा रद्द, काकूंची फाइल बंद. नवी फाइल उघडायची तर क्लबाची शिफारस लागणार, आणि शिफारस अध्यक्षांच्या हातात. अध्यक्षांनी तर त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "नाचता येईना अंगण वाकडं!" माणसं हसली. काकूंनी आपली पिशवी उचलली आणि घरी आल्या.

लोकांच्या हसण्याचं काकूंना एवढं काही नव्हतं, जन्मभर गिऱ्हाइकं सांभाळली होती त्यांनी. पण हळूहळू त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. भर दुकानात डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि उजवा हात हवेत पुढे-मागे करायच्या. इथे दांडा. इथे कळ. गेला असेल का हात? शंभर वेळा करून बघितलं आणि शंभराव्या वेळी त्यांना वाटायला लागलं, गेलाही असेल. वरून विमान गेलं तरी त्या आता बाहेर येईनाशा झाल्या. काका हे सगळं बघत होते. बायको रस्त्यावर जात नाही म्हटल्यावर विमानाच्या वेळी ते स्वतःच दारात जाऊन उभे राहायला लागले, जणू कोणीतरी बघायलाच हवं.

अशात चौदावा दिवस उजाडला. दुकानात गर्दी होती. काकांनी तेलाचा नवा पत्र्याचा डबा ओट्यावर घेतला, खाली तोटी बसवली आणि वर हवेसाठी भोक पाडायचं विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा दाभण मागच्या खोलीत होतं आणि उठायचा कंटाळा केला. तीस वर्षं काकू या एकाच गोष्टीवरून त्यांच्यावर खेकसत आल्या होत्या. वरचं झाकण घट्ट, हवेला वाट नाही, मग तेल खाली येणार कसं? त्या दिवशी मात्र काकूंचं लक्षच नव्हतं.

तोटीतून धार पडली. मग बारीक झाली. मग सुतासारखी. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, संपलं वाटतं." काका म्हणाले, "छे, भरलेला आहे." आणि तेवढ्यात डब्याची बाजू आत ओढली गेली.

टण्ण.

काकूंच्या हातातलं नरसाळं खाली पडलं.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

"अगं, चुकून राहिलं. पाडतो आता भोक, ओरडू नकोस..."

"भोक नका पाडू! तसंच चुकीचं करा, पुन्हा करा!"

लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर बायको पहिल्यांदाच चुकीचं करा म्हणत होती. काका घाबरले. त्यांनी मुकाट्याने दुसरा डबा लावला. धार, सूत, टण्ण. काकूंनी तोटी तशीच उघडी ठेवली, डब्याच्या वरच्या बाजूला दाभण ठोकलं. स्स्स करून हवा आत शिरली, आत गेलेली बाजू पुन्हा टण्ण करून बाहेर आली आणि तेल बदाबदा वाहायला लागलं. जसं काही झालंच नव्हतं.

"मिस्त्रींनी झाकण उघडलं," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "त्यांनी आधी झाकण उघडलं आणि मग इंजिन सुरू केलं!" आणि पहिल्या डब्याची आत गेलेली बाजू धरून त्या गिऱ्हाइकांदेखत हुंदके देऊन रडल्या. हात कळीला लागला नव्हता. त्यांचा हात चुकला नव्हता.

तसाच डबा काखोटीला मारून त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी सगळं ऐकलं, डब्यावर बोटांनी टकटक केली. मग म्हणाले, "टाकीला हवा देणारी नळी. निघण्याआधी पाहिली होतीत?"

"पाहिली होती. तोंड मोकळं होतं."

"आणि आत?"

"आत कोण बघतं, मास्तर? यादीत पाहा असं लिहिलंय. मी पाहिलं."

मास्तर ताडकन उठले आणि त्यांनी बॅटरी घेतली. "चला, आत्ता बघू."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "सील आहे. आपण तोडलं आणि आत काही निघालं, तर उद्या म्हणतील आपणच कोंबलं. माल गिऱ्हाइकासमोर उघडायचा असतो."

बाविसाव्या दिवशी सकाळी हँगरसमोर अख्खा क्लब जमला. साहेब आले, त्यांच्या काखेत फाइल होती. अध्यक्ष पांढऱ्या पँटीत आले. मिस्त्री हातात पाना घेऊन उभे होते. आणि काकू आल्या तेलाचा डबा घेऊन. पोरं खुदखुदली.

काकूंनी डब्यात पाणी भरून आणलं होतं. हँगरच्या ओट्यावर ठेवला, तोटी सोडली, आणि सगळ्यांनी धार बारीक होताना पाहिली, टण्ण ऐकलं.

"बाई," साहेब अदबीने म्हणाले, "विमान म्हणजे तेलाचा डबा नव्हे."

"विमान नसेल. टाकी आहे. साहेब, माझं एकच मागणं आहे. टाकी काठोकाठ भरा. डबा जेवढा भरलेला, आतली हवा तेवढी थोडी, आणि तेवढा तो लवकर आवळतो. झाकण लावा, विमान बांधून घाला आणि इंजिन चालवा. आणि आत मला बसवू नका, मास्तरांनाही नको. तुम्ही बसा."

"मी?"

"तुमचा हात भलतीकडे जाणार नाही ना, म्हणून."

साहेब हसले. अर्धा तास देतो, म्हणाले. चाकांना ठोकळे लावले, शेपटी दोराने खुंटीला बांधली, मिस्त्रींनी टाकी भरून झाकण पिळलं. साहेब आत बसले आणि इंजिन सुरू झालं.

बंद पडावं म्हणून इंजिनाकडे डोळे लावून बसलेली माणसं कोणी पाहिली आहेत का? त्या दिवशी क्लबात पाहायला मिळाली असती. पाच मिनिटं. दहा मिनिटं. इंजिन असं गात होतं की जणू त्याला बक्षीस मिळणार होतं. पंधराव्या मिनिटाला अध्यक्षांनी जांभई दिली. विसाव्याला म्हणाले, "काकू, हे काय आज बंद पडत नाही. उद्या येऊ का?" काकू घड्याळाकडे बघत राहिल्या. मास्तरांनी परत नेताना नळी आपोआप मोकळी झाली असेल तर? आत काही नसेलच तर? मास्तर शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवतोय. हात ओळखतो मी." काकूंनी डोळे पुसले नाहीत, कारण तेवढ्यापुरतंही त्यांना घड्याळावरून नजर काढायची नव्हती.

चोविसाव्या मिनिटाला साहेबांनी आतून घड्याळ दाखवलं. सव्विसावं लागलं.

टण्ण.

आणि साहेबांनी वर पाहिलं.

अगदी तसंच. मान मागे, डोळे छताकडे, बावीस दिवसांपूर्वी काकूंनी पाहिलं होतं तसंच. इंजिनाच्या घरघरीत बाहेर कोणाला फारसं ऐकू आलं नाही, पण साहेबांचं वर पाहणं सगळ्यांनी पाहिलं. काकूंनी मास्तरांचा हात घट्ट धरला. मग इंजिन खोकलं. साहेबांचा हात गरम हवेच्या दांड्याकडे गेला, मग पेट्रोलच्या कळीकडे, मग पुन्हा दांड्याकडे. इंजिन एकदा गुरगुरलं. पंखा दोन-चार वेळा आळसावून फिरला आणि थांबला.

मग अख्ख्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात काकू ओरडल्या, "बंद पडलं!" असा आनंद त्यांना मुलगी पहिली आली तेव्हाही झाला नव्हता.

मिस्त्री सवयीने शिडी घेऊन टाकीकडे निघाले. काकू आडव्या आल्या. "आता नाही, मिस्त्री. मागच्या वेळी वर तुम्ही एकटेच होतात. आता सगळे जवळ या." माणसं पंखाखाली गोळा झाली. काकू स्वतः शिडीवर चढल्या आणि त्यांनी झाकण हळूहळू फिरवलं. स्स्स. हवा आत जात राहिली, जात राहिली, कोणीतरी आकडे मोजले ते सातपर्यंत गेले. मग पंखाच्या पोटातून आवाज आला, टण्ण. टाकी पुन्हा जागेवर आली.

मिस्त्रींचा चेहरा पडला होता. "काकू," ते म्हणाले, "त्या दिवशीही स्स्स झालं होतं. मला वाटलं, उन्हाने." मग शर्टाच्या बाहीने घाम पुसून म्हणाले, "चुकलं माझं."

साहेब खाली उतरले. कपाळावरून घाम निथळत होता. काकूंची वेळ आली होती, आणि काकू काही संत नव्हत्या. त्या अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "आता साहेबांच्या हाताखाली बंद पडलं. काय लिहायचं, चालकाची चूक?" मग साहेबांकडे वळल्या. "साहेब, मला नाचता येत होतं. अंगणच वाकडं होतं."

पहिले हसले ते साहेबच. मग असा काही हशा पिकला की हँगरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मिस्त्रींनी नळीत तार घातली. तोंडापासून दोन बोटं आत तार अडली. उकरल्यावर वाळलेल्या मातीचा गुळगुळीत बोळा निघाला, त्याच्यामागे दुसरा, आणि दोघांच्या मधे कोंबलेल्या चार हिरव्या अळ्या.

"कुंभारीण!" मिस्त्री म्हणाले. मातीचं घर बांधणारी ती माशी. विमान आठ दिवस जागेवर उभं होतं तेवढ्यात बाईने नळीत संसार थाटला होता. मातीतून थोडी थोडी हवा झिरपायची, पण इंजिनाच्या भुकेला ती पुरत नव्हती.

साहेबांनी फाइल उघडली. काकू म्हणाल्या, "साहेब, एक लिहा. मी नळी नुसती पाहिली. फुंकून पाहिली नाही. यादीत पाहा होतं हे खरं, पण तेलवालीने तरी फुंकायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

साहेबांनी पेन थांबवलं. "इंजिन बंद पडलं तेव्हा मागे मोठं मैदान होतं. मी नकाशा पाहिला. तुम्ही वळला का नाहीत?"

काकूंनी उघड्या दारातून वर्गाच्या भिंतीकडे बोट केलं. साहेब आत जाऊन फळा वाचून आले. मग त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कारण, हवेची नळी बुजणं. सूचना, नळी यापुढे फुंकून तपासावी आणि विमान उभं असताना तिला टोपण घालावं. आणि शेवटी, "चालकाने योग्य निर्णय घेऊन विमान सुखरूप उतरवलं." ते शेवटचं वाक्य काकूंनी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मास्तरांनी त्याच दुपारी ब्रश काढला आणि "उगाच शहाणपणा"च्या वर दाटीवाटीने एक ओळ बसवली, "कुंभारीण." तेव्हापासून क्लबात उड्डाणाआधी प्रत्येकाला पंखाखाली वाकून नळी फुंकावी लागते. अध्यक्षांनाही. पांढऱ्या पँटीचे गुडघे मळवत ते खाली बसतात तेव्हा काकू मुद्दाम तिथून जातात.

पुढच्या महिन्यात काकू परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाल्या. पहिला प्रवासी म्हणून त्यांनी काकांना बसवलं. काका आत बसण्याआधी खाली वाकले, नळीला तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकलं. "मोकळी आहे," ते म्हणाले, आणि मग निमूट पट्टा बांधून बसले.

वर गेल्यावर बराच वेळ ते दोन्ही हातांनी सीट धरून होते. दुकान खाली आलं तेव्हा काकूंनी विमान तिरपं केलं. पत्र्याचं लाल छत, दारातला ओटा, आणि मान वर करून बघणारी दोन गिऱ्हाइकं.

"तीस वर्षं तू तिथे उभी राहून बघायचीस," काका म्हणाले. "मला वाटायचं, विमान बघतेस."

"मग काय बघत होते?"

"ही जागा." काकांनी काकूंच्या सीटवर हात ठेवला. "मी कधी विचारलंच नाही गं. विचारायला हवं होतं."

इंजिन सुरेख चाललं होतं, काटे जागेवर होते. काकूंनी डाव्या हाताने नाक पुसलं, उजवा हात दांड्यावरच ठेवला आणि दुकानावर आणखी एक फेरी मारली.

"छताला रंग द्यायला हवा," काका खाली बघत म्हणाले.

"उद्या देऊ," काकू म्हणाल्या.